लोगो दिसतोय का, ते आधी सांगा

ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलं आणि पीसी चालूच होईना, ही तक्रार घेऊन येणारा माणूस कार्ड जळालं असं धरूनच दुकानात येतो. कॉलेजची मुलं असली तर घरी अजून कुणाला सांगितलेलं नसतं. महागाचं कार्ड, बहुतेक वेळा वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेलं. पुण्यात पीसी दुरुस्तीचं काम करताना अशी मशीनं माझ्या टेबलावर सतत येत राहिली, आणि त्यांतली फार थोडी कार्डं खरोखर गेलेली निघाली. बाकीच्यांचं दुखणं दुसरीकडेच होतं. घाबरून केलेल्या उपायांनी मात्र चांगल्या मशीनचं नुकसान होताना मी पाहिलं आहे. म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. ‘चालू होत नाही’ याचे चार अर्थ

फोनवर मी पहिल्यांदा हेच विचारतो की मशीन कुठपर्यंत येतं. बटण दाबल्यावर पंखेच फिरत नसतील, किंवा अर्धी गिरकी घेऊन थांबत असतील, तर वीज तपासायची. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर बोर्डाच्या कंपनीचा लोगोसुद्धा येत नसेल तर कार्ड, त्याची बैठक, त्याचं बायोस आणि केबल तपासायची. लोगो येतो, खाली गोल फिरणारी टिंबं येतात आणि मग स्क्रीन काळी होते, तेव्हा ड्रायव्हरवर संशय. डेस्कटॉप दिसतो आणि थोड्या वेळात सगळं गोठतं किंवा स्क्रीनवर रंगीत चौकटी नाचतात, तेव्हा ओव्हरक्लॉकिंगचे आकडेच पहिले संशयित.

या चारही अवस्थांना लोक एकच नाव देतात, ‘डिस्प्ले येत नाही’. उपाय मात्र चार निराळे आहेत. पंखे न फिरणाऱ्या मशीनवर ड्रायव्हर बदलण्याचा विचार करण्यात अर्थ नाही, आणि डेस्कटॉपपर्यंत येणाऱ्या मशीनचा एसएमपीएस लगेच बदलायला धावण्यातही नाही.

एक सोपी चाचणी सांगतो. लोगो येत असेल तर डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि मशीन पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. चित्र स्थिर राहिलं, रेघा-ठिपके आले नाहीत, तर निदान साधं चित्र दाखवण्याइतकं कार्ड शाबूत आहे. त्या पंधरा मिनिटांत माणसाचा जीवही भांड्यात पडतो, आणि शांत डोक्याने पुढचं करता येतं.

२. सॉफ्टवेअरमधले आकडे कार्डात मुरत नाहीत

आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी सरकवून वेग वाढवला, तर तो आकडा राहतो विंडोजमध्ये. मशीन बंद झालं की कार्ड तो विसरतं. पुन्हा वीज मिळाली की ते स्वतःच्या बायोसमधल्या मूळ वेगावरच जागं होतं. विंडोज उघडल्यानंतर सॉफ्टवेअर सुरू होतं, आणि ‘सुरुवातीलाच लागू करा’ अशी खूण केलेली असेल तरच तो आकडा पुन्हा कार्डावर चढतो. म्हणजे लोगो येण्याच्या आधीच मशीन थांबत असेल, तर सॉफ्टवेअरमधला आकडा त्याला थेट जबाबदार असू शकत नाही. ही एक गोष्ट पक्की कळली की निम्मी धावपळ वाचते.

लग्नसराईत एक मुलगा आला होता. लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचा. एक्स्पोर्ट लवकर व्हावा म्हणून त्याने कार्डाच्या मेमरीचा वेग बराच वर नेला होता आणि सुरुवातीलाच लागू होण्याची खूणही केली होती. आता पासवर्ड टाकला की स्क्रीन गोठायची.

“दादा, कार्ड गेलं का?”

“लोगो दिसतोय?”

“दिसतोय.”

“मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीये ना?”

“हो.”

“मग कार्ड जिवंत आहे. बस तू.”

त्याला कार्डापेक्षा फुटेजची काळजी जास्त होती, आणि ती रास्तच होती. लग्न पुन्हा लागत नाही.

अशा वेळी सेफ मोड हा रस्ता. विंडोज १० आणि ११ मध्ये सुरू होतानाची टिंबं दिसू लागली की पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा आणतं. तिथून ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ४ हा आकडा. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालतं आणि ओव्हरक्लॉकिंगचं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होत नाही. आफ्टरबर्नर काढून टाका, किंवा त्याच्या फोल्डरातल्या ‘प्रोफाइल्स’चं नाव बदला. मग रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करू नका, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. स्वच्छ सुरुवात फक्त रीस्टार्टने होते.

त्या मुलाचं मशीन एवढ्यावर सुरू झालं. सेफ मोडमध्येसुद्धा स्क्रीनवर चौकटी आणि रेघा दिसल्या असत्या, तर गोष्ट वेगळी. मग मी म्हटलं असतं की कार्डाच्या मेमरीला खरोखर इजा झाली आहे.

३. फॉरमॅट मारण्याआधी थांबा

आपल्याकडे संगणकाच्या कुठल्याही आजारावर फॉरमॅट हे औषध सांगितलं जातं. सांगणाऱ्याचं काम लवकर संपतं, हे त्याचं खरं कारण. ज्याचा डेटा जातो त्याला विचारा.

ओव्हरक्लॉकिंगमुळे मशीन वारंवार मध्येच कोलमडलं असेल तर विंडोजच्या काही फाइली खराब होऊ शकतात. त्यांच्यासाठी विंडोजमध्येच साधनं आहेत. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिझम, मग एसएफसी चालवा. ड्रायव्हर बिघडला असेल तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि नवा टाका. ते करताना इंटरनेटची केबल काढून ठेवा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःच्या मनाने ड्रायव्हर घालतं.

मशीन सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघण्याची सवय लावून घ्या. डिस्प्ले या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली तर ड्रायव्हरने उत्तर देणं बंद केलं होतं आणि विंडोजने त्याला पुन्हा उठवलं होतं. चिपने ठरलेल्या वेळात, मुळात २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही की विंडोज हे पाऊल उचलतं. कर्नल-पॉवर ४१ एवढीच नोंद असेल तर मशीन नीट बंद न होता अचानक गेलं, एवढंच ती सांगते. तिच्या आधी-नंतर ग्राफिक्सची काहीच नोंद नसेल, तर मी वीज आणि यूपीएसकडे वळतो.

४. यूपीएसवरचा आकडा वाचा

खूप घरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्यावर वॉटचा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो आणि तो साधारण ३६० असतो. ऑफिसच्या पीसीला तो पुरून उरतो. आता हिशेब करा. बोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनांच्या जोडणीतून ७५, ८ पिनांच्या जोडणीतून १५०. एक ८ पिनी जोडणी असलेलं कार्ड म्हणजे कागदावर २२५ वॉटपर्यंतचा हक्क. वर प्रोसेसर, डिस्क, पंखे आणि त्याच यूपीएसला लावलेला मॉनिटर. ओव्हरक्लॉक करताना लोक पॉवर लिमिटची पट्टीही शेवटपर्यंत ओढतात. गेम सुरू झाला, यूपीएसने एक लांब शिट्टी मारली, सगळं काळं. कार्ड गेलं अशी बातमी पसरते, आणि असतं ते यूपीएसचं ओव्हरलोड.

कार्डाची भूक सरासरीवर मोजूनही चालत नाही. आधुनिक कार्डं क्षणभरासाठी, सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरती, सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात मोठ्या एसएमपीएसना १०० मायक्रोसेकंद क्षमतेच्या दुप्पट भार सोसण्याची अट घातली गेली, ती याच झटक्यांमुळे. जुना किंवा स्वस्तातला एसएमपीएस असा झटका आला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, आणि काही एसएमपीएस तसेच अडून बसतात. मग बटण कितीही दाबा, काही होत नाही.

असा एसएमपीएस मोकळा करायची रीत साधी आहे. मागची कळ बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटं जाऊ द्या, मग यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावून बघा. कार्डाला दोन जोडण्या असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबली आणा, एकाच केबलीची दोन तोंडं वापरू नका. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहतो. हे मी हात जोडून सांगतो.

५. सीमॉसचा सेल हा सगळ्यावरचा उतारा नाही

बोर्डावरचा तो रुपयाएवढा सेल, सीआर२०३२, काढून पाच मिनिटांनी पुन्हा बसवायचा हा उपाय प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेला असतो. त्याने बोर्डाच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. त्याच दिवशी रॅमचा एक्सएमपी चालू केला असेल, प्रोसेसरचाही वेग वाढवला असेल, तर जरूर करा. ग्राफिक्स कार्डाचा वेग मात्र तिथे साठवलेलाच नसतो.

आणि त्याआधी बिटलॉकरची चावी हाताशी आहे का ते बघा. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. सेल काढल्यावर काही बोर्डांवर टीपीएम किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलते, आणि मशीन सुरू होताच ४८ आकडी चावी मागतं. ही चावी बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती आधी कागदावर उतरवून घ्या. सेफ मोडच्या वाटेवरही ती मागितली जाऊ शकते. चावी नसलेल्या माणसासमोर कुणाचंच काही चालत नाही, माझंही नाही.

६. बोर्ड बोलतो, त्याचं ऐका

लोगोच येत नसेल तर कॅबिनेटचं झाकण उघडून बोर्डाच्या कडेला बघा. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. मशीन सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहिला तिथे गाडं अडलंय. व्हीजीए लागून राहिला तर कार्ड काढा, सोन्याचा मुलामा असलेली पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खाचेतली धूळ ब्लोअरने उडवा, आणि शेवटची कडी टक् वाजेपर्यंत कार्ड बसवा. जड कार्ड उभ्या कॅबिनेटमध्ये एका बाजूने खाली झुकतं. मशीन एका टेबलावरून दुसऱ्यावर नेलं तेवढ्याने ते खाचेत तिरकं झालेलं मी पाहिलं आहे.

प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड बाहेर ठेवूनच मशीन चालवून बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअंती ‘एफ’ आहे त्यांत ते नसतं, आणि रायझन ५६०० एक्ससारख्यांतही नसतं. तिथे बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावून वाट बघत बसू नका. मित्राकडचं एखादं जुनं, बिनजोडणीचं साधं कार्ड चाचणीपुरतं मागून आणा.

७. वापरलेल्या कार्डाचा पूर्वेतिहास

सगळ्यात अवघड प्रकरणं इथली. आतापर्यंत सॉफ्टवेअरच्या ओव्हरक्लॉकिंगबद्दल बोललो. दुसरा प्रकार कार्डाचं बायोसच बदलण्याचा आहे, आणि तो कार्डात कायमचा राहतो.

इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला थांबलं. त्यानंतर मायनिंगमधून निघालेली कार्डं जुन्या बाजारात मोठ्या संख्येने आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत ती सगळीकडे दिसत होती. त्यांतल्या आरएक्स ४७० ते ५८० या पिढीतल्या बऱ्याच कार्डांचं बायोस मायनिंगवाल्यांनी बदललेलं असायचं, मेमरी जास्त पळावी आणि चिपने वीज कमी खावी म्हणून. विकताना मूळ बायोस परत घालण्याची तसदी सगळे घेत नाहीत. घेणारा मुलगा त्यावर आणखी वेग चढवतो, आणि आधीच ताणलेली मेमरी हात टेकते.

याच कार्डांची आणखी एक खोड आहे. बदललेल्या बायोसवरची डिजिटल सही जुळत नाही. बोर्डात सीएसएम (जुन्या पद्धतीच्या बायोसची सोय) बंद आणि सिक्युअर बूट चालू असेल तर असं कार्ड चित्रच दाखवत नाही. एका मुलाने विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालावं म्हणून सिक्युअर बूट चालू केलं होतं आणि त्याच संध्याकाळी कार्डही ओव्हरक्लॉक केलं होतं. डिस्प्ले गेला, आणि दोष ओव्हरक्लॉकिंगवर आला. इथे मात्र सीमॉसचा सेल काढणं कामी आलं. त्याच्या जुन्या बोर्डावर मुळातली सेटिंग सीएसएम चालू अशी होती, त्यामुळे चित्र परत आलं. मग कार्डात मूळ बायोस घातलं आणि विषय मिटला.

कार्डाच्या वरच्या कडेला एखादी चिमुकली सरकती कळ आहे का ते बघा. एएमडीच्या एचडी ६९५० आणि ६९७० या कार्डांवर डिसेंबर २०१० मध्ये दोन बायोसची सोय आली. त्या वेळी ६९५० चं बायोस बदलून तिला ६९७० करण्याची हौस जगभर पसरली होती, आणि कितीतरी कार्डं त्या कळीने वाचवली. आजही अनेक कार्डांवर ती असते. मशीन पूर्ण बंद करा, कळ दुसऱ्या बाजूला सरकवा, चालू करा. कळ नसेल तर प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर किंवा दुसऱ्या कार्डावर मशीन सुरू करून मूळ बायोस परत लिहावं लागतं. तेव्हा नुसतं मॉडेल जुळून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन अशा वेगवेगळ्या मेमरी चिपा असतात आणि बायोस त्या चिपांशीही जुळावं लागतं. म्हणून वापरलेलं कार्ड घरी आणलं की पहिल्याच दिवशी जीपीयू-झेडने त्याचं बायोस वाचून पेनड्राइव्हवर ठेवा.

८. पुन्हा वेग वाढवायचाच असेल तर

मुलांना मी नको म्हणत नाही. या नादातूनच संगणक आतून कळतो, आणि त्यांतले काही माझ्यापेक्षा पुढे जातील याची मला खात्री आहे. फक्त रीत सांगतो.

आताची कार्डं स्वतःच स्वतःला पळवतात. एनव्हीडियाने मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणलं, तेव्हापासून तापमान आणि वीज यांच्या मर्यादेत कार्ड आपला वेग आपणच वाढवतं. कंपनीने मागे ठेवलेली मोकळी जागा त्यामुळे फार उरलेली नाही. हाती लागतो तो बहुधा थोड्या टक्क्यांचा फायदा. उलट वीज वाढते वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून मी आधी व्होल्टेज थोडं उतरवायला सांगतो. मूळ वेग तेवढाच ठेवून दाब कमी केला की कार्ड थंड राहतं, आणि थंड राहिलेलं कार्ड बूस्ट जास्त वेळ टिकवतं. त्या मिक्सिंगवाल्या मुलाच्या कार्डावर आम्ही हेच केलं.

एका वेळी एकच पट्टी हलवा. चिपचा वेग १५-२० मेगाहर्ट्झने, मेमरीचा ५० ने. मेमरीच्या बाबतीत नुसतं मशीन बंद पडत नाही एवढ्यावर जाऊ नका. जीडीडीआर५ पासून पुढच्या मेमरीत चूक ओळखून माहिती पुन्हा पाठवण्याची सोय आहे, त्यामुळे वेग फाजील झाला तरी मशीन चालत राहतं आणि काम मात्र हळू होतं. म्हणून प्रत्येक पायरीला बेंचमार्कचे गुण मोजा, आणि जिथून ते घसरायला लागतील तिथून मागे या. सुरुवातीलाच लागू होण्याची खूण आठवडाभर तरी करू नका. तोवर काही बिघडलं तर बटण दाबून बंद करा, पुन्हा चालू करा, कार्ड मूळ वेगावर आलेलं असेल.

चाचणी कधी घेता तेही महत्त्वाचं. डिसेंबरच्या रात्री पुण्यात पास झालेला आकडा मे महिन्यात अकोल्याच्या दुपारी टिकत नाही. खोलीत पारा चाळिशीला असताना, पंखा फक्त डोक्यावरचा, कॅबिनेटचं झाकण लावलेलं, आणि समोर तुमचं रोजचं काम: तुमचा गेम किंवा तुमचा एक्स्पोर्ट. ते सलग दोन तास चाललं तर आकडा ठेवा.